नाचणारा काटा : मोटारीच्या वेगमापकाची एक शस्त्रक्रिया

मोटारीत ड्रायव्हरशेजारी बसायला मिळाले, की तुमची नजर पहिल्यांदा कुठे जाते? बहुतेकांची जाते ती समोरच्या तबकडीकडे. गाडी सुटली की काटा शून्यावरून उठतो, वीस, तीस, चाळीस असे आकडे ओलांडत जातो, आणि ब्रेक लागला की मुकाट्याने परत येतो. हा काटा कोण फिरवतो, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

आजच्या नव्या गाड्यांत हे काम विजेवर चालणारे संवेदक करतात. चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्यांगणिक विजेचे ठोके निघतात आणि ते मोजून वेग दाखवला जातो. परंतु जुन्या मोटारींत असे काही नव्हते. २०१४ पर्यंत बनत असलेली अँबॅसिडर घ्या, किंवा २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी घ्या. या पिढीच्या गाड्यांत वेग चाकापासून तबकडीपर्यंत पोहोचवत असे ती एक फिरणारी पोलादी तार. तिच्या टोकाशी एक लहानसे चुंबक असे, आणि त्या चुंबकाच्या भोवती, त्याला कोठेही न टेकणारी, अ‍ॅल्युमिनिअमची एक वाटी. बस्स, इतकेच! यात ना बॅटरी, ना विजेची तार. आणि तरीही या यंत्राचा सारा प्राण वीजच आहे. ते कसे, हे आपण पाहणार आहोत. पण त्याआधी माझी एक फजिती ऐका.

वडिलांची वही

माझ्या वडिलांकडे एक जुनी मोटार आहे. ती घेतल्या दिवसापासून त्यांनी एक वही ठेवली आहे. पेट्रोल भरले की तारीख, लिटर आणि मीटरवरचा किलोमीटरचा आकडा त्या वहीत उतरायचाच. मीटरवर पाचच आकडे असल्यामुळे ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतात. असे दोनदा झाले. गाडी एकूण किती चालली, हे त्यामुळे मीटरला ठाऊक नाही. ते फक्त वहीला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी या गाडीचा वेगाचा काटा नाचू लागला. गाडी संथपणे तीसच्या वेगाने चाललेली असे, आणि काटा वीसवरून पन्नासवर उडी मारी, पुन्हा वीसवर येई. एका गॅरेजवाल्याने पाहिले न पाहिले केले आणि सांगितले, "मीटर गेले. दुसरे टाकू." वडिलांनी साफ नकार दिला. "मीटर बदलले, की माझ्या वहीची साखळी तुटली," असे त्यांचे म्हणणे.

मी पडलो भौतिकशास्त्राचा अध्यापक. मनाशी म्हटले, यात कठीण काय आहे? काटा नाचतो, म्हणजे काट्याला आवरून धरणारी स्प्रिंग बिघडली असणार. मी मीटर काढले, उघडले, काटा उपटून बाजूला ठेवला आणि भिंगातून स्प्रिंग पाहिली. ती ठणठणीत होती. काटा परत शून्यावर बसवला आणि मीटर जोडून टाकले. गाडी बाहेर काढली, तो काटा पूर्वीसारखाच नाचतो आहे!

शेवटी वडिलांच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना घरी बोलावले. ते गाडीत बसले नाहीत, की त्यांनी बॉनेटही उघडले नाही. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : "सर, काटा राहू द्या. किलोमीटरचे आकडे बरोबर पडतात का?"

मी म्हटले, "हो, ते अगदी बरोबर पडतात."

"मग मीटरला हात कशाला लावला? केबल बघा."

त्यांना हे न पाहता कसे कळले? ते समजण्यासाठी आपल्याला चाकापासून काट्यापर्यंतचा सगळा रस्ता एकदा चालून पाहावा लागेल.

चाकापासून तारेपर्यंत

गाडीचे इंजिन गिअरबॉक्समार्फत एक लांब दांडा फिरवते. हा दांडा मागच्या आसाजवळच्या डिफरन्शियलमधून मागची चाके फिरवतो. चाक एकदा फिरले, की दांडा ठरावीक वेळा फिरलेला असतो. हे प्रमाण गिअर कोणताही असला तरी बदलत नाही. म्हणून वेगमापकासाठी गती घ्यायची ती या दांड्याच्या सुरुवातीपासून, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून. तेथे दांड्यावर स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांत एक लहान दातेरी चाक बसवलेले असते. या दातेरी चाकात तारेचे चौकोनी टोक अडकवलेले असते.

आता थोडे गणित करू. समजा, चाक एका फेऱ्यात १.९० मीटर अंतर काटते. मग एका किलोमीटरला चाकाचे १००० ÷ १.९० = सुमारे ५२६ फेरे होतील. डिफरन्शियलचे प्रमाण ४.३ असेल, तर दांड्याचे फेरे झाले ५२६ × ४.३ = सुमारे २२६३. दांड्यावर चार आटे आणि दातेरी चाकाला नऊ दाते असतील, तर तारेचे फेरे होतील २२६३ × ४ ÷ ९ = सुमारे १००६.

म्हणजे एका किलोमीटरला तारेचे सुमारे हजार फेरे, एका मीटरला एक फेरा! ही संख्या मुद्दाम अशी जुळवलेली असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, तेव्हा तार मिनिटाला हजार वेळा फिरते. पुष्कळ जर्मन वेगमापकांच्या तबकडीवर W हे अक्षर व त्याच्यापुढे १.० किंवा ०.७५ असा बारीक आकडा असतो. त्याचा अर्थ, हे मीटर एका मीटर अंतराला तारेचे किती फेरे गृहीत धरते. ब्रिटिश मीटरांवर असाच आकडा एका मैलाला किती फेरे ते सांगतो. मीटर बदलताना हा आकडा जुळवून पाहिला नाही, तर नवे मीटर जन्मभर खोटे बोलत राहते.

आता ही तार कशी असते ते पाहा. ती एकसंध नसते. बारीक पोलादी तारांचे अनेक थर एकावर एक गुंडाळून ती बनवलेली असते. एक थर उजवीकडे वळलेला, तर त्यावरचा डावीकडे. त्यामुळे ती सहज वाकते, पण सहजासहजी पिळली जात नाही. ही फिरणारी तार एका स्थिर, लवचिक नळीत असते. नळी आणि तार मिळून जे होते त्याला गॅरेजमध्ये केबल म्हणतात.

न टेकता ओढणारा हात

तार मीटरमध्ये शिरली, की तिला दोन कामे करायची असतात.

पहिले काम सोपे आहे. तारेच्या फेऱ्यांवरून किलोमीटर मोजायचे. त्यासाठी आटे आणि दातेरी चाके यांच्या जोड्या लावून गती कमी कमी करत नेतात. एककाचे चाक दहा किलोमीटरमध्ये एकदा फिरायला हवे, म्हणजे तारेच्या दहा हजार फेऱ्यांना त्याचा एक फेरा. ते पुरते फिरले, की शेजारच्या दशकाच्या चाकाला एक घर पुढे ढकलते. हा आहे अंतरमापक. येथे दात्याला दाता भिडलेला असतो. घसरणे नाही, अंदाज नाही. जितके फेरे, तितके अंतर.

दुसरे काम वेग दाखवण्याचे, आणि खरी गंमत तेथे आहे. तारेच्या टोकाला चुंबक आहे, ते तिच्याबरोबर गरगर फिरते. त्याच्या भोवती अ‍ॅल्युमिनिअमची वाटी आहे, आणि वाटीच्या आसावर काटा. चुंबक वाटीला शिवत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनिअमला चुंबक ओढत नाही, हे तुम्ही स्वयंपाकघरातल्या पातेल्यावर केव्हाच पाहिले असेल. मग वाटी हलते कशी?

१८२४ मध्ये फ्रान्समधील आरागो या शास्त्रज्ञाला असेच कोडे पडले होते. तांब्याची चकती फिरवली, की तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे फिरू लागते, असे त्याला आढळले. तांबेही चुंबकाकडे ओढले जात नाही. मग हे ओढणे कुठले? उत्तर मिळाले ते १८३१ मध्ये लंडनच्या फॅरेडेकडून. संवाहकाजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले, की संवाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. धातूच्या सलग पत्र्यात तो पाण्यातल्या भोवऱ्यांसारखा गोल गोल वाहतो, म्हणून त्याला आवर्त प्रवाह म्हणतात. आणि प्रवाह आला, की त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आलेच. हे क्षेत्र ज्या हालचालीमुळे जन्मले त्या हालचालीलाच विरोध करते. हा लेंझचा नियम तुम्ही वरच्या वर्गात शिकाल किंवा शिकला असाल.

येथे विरोध कशाला आहे? चुंबक फिरते आहे आणि वाटी स्थिर आहे, या फरकाला. फरक कमी करायचा तर वाटीनेही चुंबकामागे फिरायला हवे. म्हणून वाटीला चुंबकाच्या दिशेने पीळ बसतो. मोकळी सोडली, तर वाटी गरगरत राहील. पण तिच्या आसाला घड्याळातल्यासारखी एक नाजूक सर्पिल स्प्रिंग जोडलेली असते. ती वाटीला मागे खेचते.

आता दोन नियम शेजारी ठेवा. चुंबक जितके वेगाने फिरेल, तितका वाटीला बसणारा पीळ जास्त. दुप्पट वेगाला दुप्पट पीळ. स्प्रिंग जितकी जास्त वळेल, तितका तिचा उलटा पीळ जास्त. दुप्पट कोनाला दुप्पट पीळ. जेथे दोन्ही पीळ सारखे होतात तेथे काटा थांबतो. म्हणून काट्याचा कोन वेगाच्या समप्रमाणात असतो, आणि तबकडीवरचे आकडे सारख्या अंतरावर छापता येतात. १९०२ मध्ये स्ट्रासबर्गच्या ओट्टो शुल्झे याने या कल्पनेवर पेटंट घेतले, आणि पुढे सारे शतकभर जगातल्या कोट्यवधी गाड्यांत हीच रचना चालली.

एक अडचण मात्र होती. तापमान वाढले, की अ‍ॅल्युमिनिअमचा विद्युत रोध वाढतो. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. पहाटे १० अंश आणि दुपारी ४० अंश, म्हणजे ३० अंशांचा फरक. तेवढ्याने प्रवाह सुमारे अकरा टक्के घटणार. पहाटे ६० दाखवणारा काटा दुपारी त्याच वेगाला ५३-५४ दाखवील! यावर तोडगा असा काढला, की चुंबकाला निकेल-लोखंडाच्या एका खास मिश्रधातूचा तुकडा जोडायचा. थंडीत हा तुकडा चुंबकाचे थोडे क्षेत्र स्वतःकडे वळवून घेतो आणि वाटीपर्यंत पोहोचू देत नाही. ऊन वाढले, की त्याचा हा गुण कमी होतो आणि वाटीला जास्त क्षेत्र मिळते. एका बाजूने होणारी घट दुसऱ्या बाजूने भरून निघते.

मिस्त्रींच्या प्रश्नाचा अर्थ

आता परत मिस्त्रींकडे येऊ. एकच तार दोन यंत्रांना गती देते. काटा दाखवतो या क्षणीचा वेग. आकडे दाखवतात आतापर्यंतच्या फेऱ्यांची बेरीज. म्हणून आकड्यांची साक्ष काढली, की निम्मा तपास तेथेच होतो.

एक माणूस शेळीला दोरी बांधून बाजाराला निघाला आहे असे समजा. माणूस सारख्या चालीने चालतो. शेळी मात्र मध्येच झुडपापाशी थांबते, दोरी ताणली जाते, ओढ बसली की शेळी उडी मारून पुढे येते, पुन्हा थांबते. बाजारात दोघे बरोबरच पोहोचतात. दोघांनी काटलेले अंतर सारखे, पण शेळीचा वेग क्षणाक्षणाला वेगळा.

आमच्या केबलमध्ये हेच चालले होते. तार कुठेतरी घासत होती. गिअरबॉक्सकडचे टोक सारख्या गतीने फिरे, पण वरचे टोक अडून राही. मधली तार स्प्रिंगसारखी पिळली जाई. पीळ पुरेसा साचला, की वरचे टोक एकदम सुटे आणि झर्रकन फिरे. तेवढ्यात काटा पन्नासवर! मग पुन्हा अडणे, पुन्हा काटा खाली. आकडे मात्र बेरजेचे धनी; एकूण फेरे तितकेच, म्हणून ते बरोबरच पडत होते. स्प्रिंग बिघडली असती, तर काटा चुकीच्या जागी गेला असता, पण तेथे स्थिर राहिला असता. नाचणे हे स्प्रिंगच्या दुखण्याचे लक्षणच नव्हते. हे मला सुचायला हवे होते; पण मी आधी उत्तर ठरवले आणि मग यंत्र उघडले.

दुरुस्ती

बॅटरीची तार आधी सोडवली. तबकडीमागे हात घालून केबलचे नट सैल केले आणि आतली तार वरूनच बाहेर ओढली. नळीला डॅशबोर्डमागे चांगलाच तीव्र बाक आलेला दिसला. पूर्वी कधीतरी रेडिओ बसवताना ती कोपऱ्यात दाबली गेली होती.

तार रॉकेलमध्ये धुऊन कोरडी केली. मग मिस्त्रींनी ती टेबलाच्या काचेवर ठेवून तळव्याने हलकेच लाटली. सरळ तार निमूट लोळते. आमची तार एका जागी टुण्‌कन उडत होती. तेथे ती कायमची वाकली होती. अशी तार सरळ करता येत नाही. तिची लांबी मोजून तशीच नवी तार आणली.

नळी बसवताना पाळायचे नियम मिस्त्रींनी सांगितले. बाक हवा तेवढा मोठा, त्याची त्रिज्या निदान १५ सेंटिमीटर. आणि दोन्ही टोकांच्या नटांपासून पाच सेंटिमीटरपर्यंत नळी सरळच हवी. तारेला ग्रीस लावायचे ते अगदी पातळ बोटाने, आणि मीटरकडचे वीस सेंटिमीटर कोरडे पुसून ठेवायचे. का, ते ओळखा पाहू! तारेवरचे वेटोळे स्क्रूसारखे असतात. तार फिरू लागली, की ते ग्रीस हळूहळू वर चढवतात. ते मीटरमध्ये शिरले, तर चुंबक आणि वाटी यांच्यामधली फट भरून जाते. मग वाटी चुंबकाला जणू चिकटते आणि काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटतो. गिअरबॉक्सचे सील गळत असेल, तर तेथले तेलही असेच वर येते.

मीटर जोडण्यापूर्वी आम्ही एक मोजणी केली. केबल गिअरबॉक्सला जोडलेली आणि वरचे टोक मोकळे. तारेच्या चौकोनी टोकाला कागदाची लहान झेंडी चिकटवली, अंगणात वीस मीटर अंतर आखले, गिअर काढून गाडी सरळ ढकलली आणि झेंडीचे फेरे मोजले. वीस भरले. चाक, डिफरन्शियल, आटे, दाते, सगळ्यांची परीक्षा वीस मीटरांत झाली.

माझी दुसरी चूक

मीटर जोडले. काटा आता लोण्यासारखा सरकू लागला. मी खूश झालो. वडील म्हणाले, "नाचत नाही हे ठीक, पण खरे बोलतो का?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी काटा एका आकड्यावर स्थिर ठेवून गाडी चालवायची, आणि माझ्या मुलीने किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचे सेकंद मोजायचे. ३६०० ला सेकंदांनी भागले, की ताशी किलोमीटर मिळतात. आकडे असे आले :

काटा ४० वर : १०६ सेकंद, म्हणजे खरा वेग सुमारे ३४.
काटा ५० वर : ८२ सेकंद, म्हणजे सुमारे ४४.
काटा ६० वर : ६७ सेकंद, म्हणजे सुमारे ५४.

काटा खोटे बोलत होता! पण या खोटेपणाकडे नीट पाहा. चूक वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. चाळीसला सहा, पन्नासला सहा, साठलाही सहाच. चुंबक अशक्त झाले असते, तर काटा कमी दाखवता. स्प्रिंग थकली असती, तर जास्त दाखवता. पण दोन्ही बाबतींत चूक वेगाच्या प्रमाणात असती. टायर लहान असता, तरी तसेच. सगळीकडे सारखीच चूक म्हणजे मोजपट्टीची सुरुवातच सरकलेली. आणि ती सरकवली होती मीच!

असे झाले होते. पुष्कळ मीटरांत शून्याजवळ एक बारीक खुंटी असते आणि काटा तिच्यावर टेकलेला असतो. स्प्रिंग त्याला खुंटीवर दाबून धरते. म्हणजे काट्याची खरी विश्रांतीची जागा शून्यावर नसते, खुंटीच्या पलीकडे शून्याच्या खाली असते. काटा उपटण्यापूर्वी तो हलकेच उचलून खुंटीवरून पलीकडे सोडायचा, तो कोठे थांबतो ती खूण करायची, आणि बसवताना त्याच खुणेवर बसवून मग परत खुंटीच्या अलीकडे आणायचा, असा नियम आहे. मी खूण केलीच नव्हती. स्प्रिंग मोकळी असताना काटा सरळ शून्यावर बसवला होता. त्यामुळे तो सर्व वेगांना तेवढ्याच कोनाने पुढे गेला.

मीटर पुन्हा उघडले. खूण नव्हती, पण रस्त्यावरचे आकडे होते. स्प्रिंग मोकळी असताना काटा शून्याच्या खाली सहा किलोमीटरएवढ्या कोनावर बसवला आणि उचलून खुंटीवर आणला. पुन्हा चाचणी : काटा ५० वर, ७३ सेकंद. खरा वेग सुमारे ४९. एका सेकंदाची चूक तर घड्याळाचे बटण दाबण्यातही होते. वडिलांनी त्या दिवशी वहीत नेहमीच्या रकान्यांशिवाय एक ओळ जास्त लिहिली : "केबल नवी. मीटर तेच."

लक्षणावरून निदान

वैद्य नाडी पाहतो, तसे तुम्हांलाही वेगमापकाचे निदान करता यावे म्हणून काही खुणा देतो.

काटा आणि आकडे दोन्ही बंद : तार तुटली असेल, तिचे चौकोनी टोक झिजले असेल, किंवा गिअरबॉक्समधल्या लहान चाकाचे दाते गेले असतील. मीटरकडचे टोक सोडवून गाडी ढकला. तार फिरली, तर दोष वर मीटरकडे. नाही फिरली, तर खाली.

काटा नाचतो, आकडे बरोबर : केबल कोरडी, वाकलेली किंवा दाबलेली.

काटा ठीक, आकडे बंद : केबल निर्दोष. मीटरमधली अंतर मोजणारी दातेरी चाके पाहा.

आकडे ठीक, काटा मेलेला : वाटी, तिचा आस किंवा स्प्रिंग पाहा.

काटा आणि आकडे दोन्ही एकाच प्रमाणात चुकतात : टायरचे माप किंवा दातेरी चाकांचे प्रमाण बदलले आहे.

आकडे बरोबर, पण काटा ठरावीक प्रमाणात चुकतो : चुंबक किंवा स्प्रिंग.

आकडे बरोबर, आणि काटा सर्वत्र सारखाच चुकतो : कुणीतरी काटा उपटून चुकीचा बसवला आहे. कदाचित एखाद्या प्राध्यापकाने!

दोन सूचना विसरू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही. ते काम मिस्त्रीचे, आणि त्यालाही खाली भक्कम आधार लागतो. आणि रस्त्यावरच्या चाचणीत गाडी चालवणार मोठे माणूस. तुम्ही शेजारी बसून सेकंद मोजायचे.

करून पाहा

पसरट भांड्यात पाणी घ्या. त्यावर अ‍ॅल्युमिनिअमचे एक हलके पसरट झाकण तरंगत ठेवा. नालाकृती चुंबक दोऱ्याला असे टांगा, की त्याचे दोन्ही ध्रुव खाली, झाकणापासून अर्ध्या सेंटिमीटरवर राहतील. दोऱ्याला भरपूर पीळ देऊन चुंबक सोडा. चुंबक फिरू लागेल, आणि थोड्या वेळाने झाकण त्याच दिशेला हळूहळू वळू लागेल. चुंबकाने ढवळलेल्या हवेमुळे तर झाकण फिरत नसेल? शंका रास्त आहे. म्हणून तेवढ्याच आकाराचे प्लॅस्टिकचे झाकण ठेवून प्रयोग पुन्हा करा आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवा. विजेच्या जुन्या मीटरमधली फिरणारी चकती अ‍ॅल्युमिनिअमची का असते, याचाही विचार करा.

सोडवा पाहू

१. एक किलोमीटर अंतर ७५ सेकंदांत काटले. खरा वेग किती?
२. चाक एका फेऱ्यात १.९० मीटर जाईल असे धरून जुळवलेल्या गाडीला १.८० मीटर जाणारे लहान टायर बसवले. काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग किती?
३. काटा ३० दाखवतो तेव्हा खरा वेग २७ आणि ६० दाखवतो तेव्हा ५४. आकडे मात्र दगडांशी तंतोतंत जुळतात. दोष कोठे शोधाल? काटा उपटून सरकवला, तर तो दुरुस्त होईल का?

उत्तरे : १. ताशी ४८ किलोमीटर. २. ताशी सुमारे ५६.८ किलोमीटर. ३. चूक प्रमाणात आहे आणि काटा जास्त दाखवतो, म्हणून आधी स्प्रिंग तपासावी. काटा सरकवून चालणार नाही. तो एकाच वेगाला खरा होईल आणि बाकी सगळीकडे खोटाच राहील.

तिसऱ्या उत्तराची शेवटची ओळ मी स्वतःसाठीही लिहिली आहे. यंत्र बिघडले, की हात शिवशिवतात. पण पान्हा उचलण्याआधी आपल्या गाडीलाही विचारा : आकडे बरोबर पडतात का?